लाईव्ह डिसिजन ट्रीमध्ये रूल टाकायचा-काढायचा कसा? लाईट आली की आमचं नेट बसतं

तापीकाठचा_बंड्या (भुसावळ), रात्री ११.४०

राम राम मंडळी. थोडं लांबण लागेल पण पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं की लोक लगेच राउटर बंद-चालू करून बघ म्हणतात.

मी भुसावळ साईडला एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे, खांबावर वायर ओढणाऱ्या पोरांपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. बीआरएएसच्या (गिऱ्हाईकांची जोडणी जिथे येते तो डबा) पुढे आणि नॅटच्या (आतले आयपी बाहेरच्या आयपीत बदलतो तो) आधी आम्ही एक लिनक्सचा डबा ठेवलाय, दहा गिगची दोन पोर्टं, त्यावर डीपीडीके (पॅकेट थेट नेटवर्क कार्डावरून उचलणारी लायब्ररी) आणि माझा सी मधला प्रोग्राम. त्याचं काम एवढंच की प्रत्येक पॅकेटचे पाच फील्ड बघायचे (सोर्स आयपी, डेस्टिनेशन आयपी, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल) आणि ठरवायचं की हे कुठल्या रांगेत जाईल, कोणाला रिचार्जच्या पानावर वळवायचं, काय फेकून द्यायचं. रूल साधारण साडेचार हजार. आधी वरून खाली साधी लिस्ट होती ती झेपेना, म्हणून हायकट्सचा (रूल तुकड्यांत वाटून शोधायची पद्धत) पेपर वाचला आणि डिसिजन ट्री लिहिली. प्रत्येक नोडला एक फील्ड घ्यायचं, त्याचे सारखे तुकडे करायचे, ज्या तुकड्यात ८ किंवा कमी रूल उरले तिथे थांबायचं, ते लीफ, आणि लीफमध्ये एकेक करून बघायचं. शोधायला एकदम झकास चालते, त्याबद्दल तक्रारच नाही.

तक्रार अपडेटची आहे. गिऱ्हाईक पीपीपीओईने (राउटरचं लॉगिन) जोडलं की त्याला नवीन आयपी मिळतो, रेडियसकडून (लॉगिन तपासणारा सर्व्हर) मला कळतं, मी जुना रूल काढून नवीन टाकतो. एरवी मिनिटाला दोन-चार. पण आपल्याकडे लाईटचं माहीतच आहे, मे महिन्यात तर विचारूच नका, आणि लाईट आली की गावातले तीनशे-साडेतीनशे राउटर एकदम उठतात आणि मला मिनिटभरात सहा-सातशे अपडेट येतात. पूर्ण ट्री परत बांधायला तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ वर्कर थ्रेड (पॅकेट तपासणारे) लॉकवर उभे, म्हणजे लाईट आली पण नेट गेलं. लोक फोनवर काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून मी आहे त्याच ट्रीमध्ये जागेवर रूल घालायला-काढायला सुरुवात केली, तर आता तीन नवीन भानगडी. एक तर ट्री फुगत चालली, आठवड्यात मेमरी दुप्पट, आणि एक लीफ छापून बघितलं तर त्यात एकच रूल तीनदा बसलेला. दुसरं, कधी कधी प्रोग्रामच आडवा पडतो, सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावला की येतो तो). आणि तिसरं तर डोक्यावरून गेलं. सावद्याकडच्या एका गावाचा पूल १००.६४.१८.०/२४ (२५६ आयपी) आहे, तिकडे फायबर तुटलं होतं म्हणून मी वरच्या प्रायॉरिटीचा एक रूल टाकला की या पूर्ण /२४ ला 'काम चालू आहे' या पानावर वळवा. रात्री बांधणी झाली त्यात तो पण बांधला गेला. सकाळी फायबर जोडलं, मी रूल काढला, आणि गावाचं नेट पूर्ण बंद! त्याच्या खाली १००.६४.०.०/१६ चा (ते /२४ ज्यात येतं असा मोठा पट्टा) साधा रूल आहे ना, तो लागायला पाहिजे होता, तो मास्टर लिस्टमध्ये दिसतोय, ट्रीला विचारलं तर म्हणते काहीच मॅच नाही. परत पूर्ण बांधली तर चालू.

कोणी असलं काम केलंय का? मालक म्हणतात मोठा स्विच घेऊ टीकॅमवाला (सगळे रूल एकदम तपासणारी खास मेमरी असलेला), पण पैसे द्यायची वेळ आली की विषय बदलतात.

पांझराकाठी (धुळे), रात्री ११.५८

काय भो, इतलं डोकं कसाले लावस? लिनक्सचंच आयपीसेट आहे, एनएफटेबल्स आहे, बठ्ठं तयार मिळतं. गिऱ्हाईकांचे आयपी सेटमध्ये टाक, एक रूल लिही, झोप. एनएफटेबल्समध्ये तर पूर्ण बदल एका झटक्यात लागू होतो, एक तर सगळा नाहीतर काहीच नाही. ते कर्नलमध्ये ३.१३ पासून आहे, २०१४ पासून, एवढी वर्षं लोक वेडे म्हणून वापरतात का.

तापीकाठचा_बंड्या, रात्री १२.०५

आते काय सांगू भो, आधी तेच होतं. आयपीटेबल्सच्या (एनएफटेबल्सच्या आधीचं) काळात तर एकेक रूल स्क्रिप्टने टाकायचो, आणि प्रत्येक कमांडला तो पूर्ण टेबल कर्नलमधून वर आणतो, बदलतो, पूर्ण परत खाली पाठवतो, सातशे वेळा! नंतर रिस्टोरने एकदम टाकायला शिकलो. पण आता पॅकेट कर्नलमध्ये जातच नाहीत, डीपीडीके थेट कार्डावरून उचलतो, त्यामुळे तिकडचं काही कामाचं नाही. आणि डीपीडीकेची स्वतःची एसीएल लायब्ररी आहे ती पण बघितली, त्यात रूल वाढवला की परत बिल्ड मारावंच लागतं, म्हणजे फिरून तिथेच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पांझराकाठी, रात्री १२.०९

मग ट्री कशाला, ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) कर ना. ते ट्री वापरतच नाही, ट्युपल स्पेस सर्च वापरतं, कारण त्यात रूल टाकणं-काढणं म्हणजे फक्त हॅश टेबलात (किल्ली दिली की थेट नोंद देणारा तक्ता) एक नोंद. बरं मी झोपतो.

मास्तर_शिरपूरकर, सकाळी ६.२०

बंड्या, प्रश्न चांगला मांडलास. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना हे शिकवतो, त्यांना जे उदाहरण देतो तेच तुला देतो.

समज बापाचं शेत चार भावांत वाटलं, मध्ये एक विहीर, ती सामायिक. सातबारे चार झाले पण विहिरीची नोंद चारही उताऱ्यांवर आली. आता उद्या विहीर बुजवली तर चार उतारे दुरुस्त करावे लागतील, एक राहिला की भांडण. तुझ्या ट्रीत कट मारताना हेच होतं. ज्या रूलमध्ये सोर्स आयपी 'काहीही चालेल' असा आहे तो सोर्सवर मारलेल्या प्रत्येक तुकड्यात जाऊन बसतो. तुकड्याचे परत तुकडे केले की त्याच्या प्रती अजून वाढल्या. असा एक तारांकित ('काहीही चालेल' वाला) रूल सहज पाच-सहाशे लीफमध्ये असू शकतो. १९९९ मध्ये गुप्ता आणि मॅकिओन यांनी हायकट्स काढलं तेव्हापासून हे दुखणं आहे. २००३ च्या हायपरकट्सने एका नोडला एकापेक्षा जास्त फील्डवर कट मारून ट्री बुटकी केली, आणि २०१० च्या एफिकट्सने तर सरळ मोठे (रुंद पट्ट्याचे) रूल आणि छोटे रूल वेगवेगळ्या झाडांत टाकले म्हणजे मोठ्यांच्या प्रती छोट्यांच्या तुकड्यांमुळे वाढत नाहीत. वाटणीच्या आधीच सामायिक विहिरींचं वेगळं रजिस्टर केलं असं समज.

आता तुझं सावद्याचं गाव. त्यात भूत वगैरे काही नाही. तू हायकट्स पेपरप्रमाणे लिहिलंय म्हणतोस, म्हणजे बांधणीच्या वेळी लीफमध्ये झाकला गेलेला रूल तू उडवत असशील. लीफचा तुकडा पूर्ण १००.६४.१८.०/२४ च्या आत पडला, वर प्रायॉरिटी जास्त असलेला 'काम चालू' रूल तो पूर्ण तुकडा व्यापतो, मग खालचा /१६ चा रूल तिथे कधीच लागणार नाही, म्हणून कोडने तो त्या लीफमधून काढला. त्या क्षणी ते बरोबरच होतं. सकाळी तू वरचा काढलास, लीफ रिकामं. खालचा रूल मास्टर लिस्टमध्ये आहे, दुसऱ्या शेकडो लीफमध्ये आहे, नेमका त्या गावाच्या लीफमध्ये नाही. बघून सांग, तुझ्या कोडमध्ये असं फंक्शन आहे का.

तापीकाठचा_बंड्या, सकाळी ९.१५

सर, पाया पडतो. आहे! मीच लिहिलंय, वर मोठ्या अभिमानाने कॉमेंट पण लिहिली होती 'यामुळे मेमरी ४० टक्के वाचली'. आत्ता कॉमेंटकडे बघून हसू येतंय. आणि ते तीनदा बसलेल्या रूलचं काय असेल?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट (जळगाव), सकाळी ९.४०

काढायचं एकदम सोपं आहे, एवढं काय. लीफमध्ये रूलची कॉपी ठेवू नको, फक्त पॉइंटर (रूलचा मेमरीतला पत्ता) ठेव. रूलच्या आत एक 'मेलेला' असा फ्लॅग. काढायचा म्हणजे फ्लॅग एक कर, झालं. सहाशे लीफ फिरायची गरज नाही, शोधताना मेलेला दिसला की पुढे जा. रात्री तीन वाजता गर्दी नसते तेव्हा पूर्ण बांध.

मास्तर_शिरपूरकर, सकाळी १०.०५

शेवभाजी, फ्लॅगची युक्ती मला मान्य, सहाशे ठिकाणी जाण्यापेक्षा एका ठिकाणी खूण केलेली कधीही बरी. पण सावद्याचं गाव तुझ्या युक्तीने पण बंदच राहील. वरच्या रूलला मेलेला म्हटलंस तरी खालचा त्या लीफमध्ये नाहीच आहे, तो बांधणीच्या वेळीच उडालाय. मेलेल्याच्या मागे उभं राहायला कोणी पाहिजे ना.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट, सकाळी १०.११

हो खरंय. घाई झाली. मग झाकलेला उडवायचाच नाही?

मास्तर_शिरपूरकर, सकाळी १०.३०

सरसकट बंद केलं तर मेमरी फुगेल आणि लीफ लांब होतील. मी असं करेन की रूलला एक खूण द्यायची, पक्का की कच्चा. पक्का म्हणजे जो महिनोन्महिने हलणार नाही. झाकणारा रूल पक्का असेल तरच त्याच्या खालचा उडवायचा. 'काम चालू' सारखा पाहुणा रूल कितीही मोठा असो, त्याच्या भरवशावर कोणाला घराबाहेर काढायचं नाही. आणि एखादा पक्का रूल काढायची वेळ आलीच तर फ्लॅगवर भागवू नको, पूर्ण बांधणी कर.

तीनदा बसलेल्या रूलचं कारण मला वाटतं हे: हायकट्समध्ये दोन-तीन तुकड्यांत अगदी तेच रूल आले तर त्यांना वेगळी लीफ न देता एकाच लीफकडे बोट दाखवायचं असतं. तुझा नवीन रूल घालणारा कोड वरून खाली येतो, तीन तुकड्यांतून तीन वाटांनी त्याच लीफवर पोचतो आणि तिन्ही वेळा घालतो. उत्तर चुकत नाही कारण लीफमध्ये आपण पूर्ण रूल तपासतोच, पण आठची मर्यादा तीनच अपडेटमध्ये संपते, मग तो कोड लीफ फोडतो, आणि फोडताना त्याला वाटतं की या लीफचा तुकडा एकच आहे. इथून पुढे ट्री खरी की खोटी ते देवालाच माहीत.

गिरणेचं_पाणी (चाळीसगाव, सध्या पुण्यात), दुपारी १.५०

मास्तरांनी रोग बरोबर पकडला पण मला वाटतं तुम्ही सगळे दुसऱ्याच शेतात खड्डा खणताय. बंड्या, तुझ्या साडेचार हजार रूलमधले एका माणसाच्या एका आयपीचे, म्हणजे /३२ वाले, किती? मी पैज लावतो चार हजार तरी असतील. ते ट्रीमध्ये कशाला पाहिजेत? ट्री रेंजसाठी आणि तारांकितासाठी असते. एका नेमक्या आयपीला शोधायला हॅश टेबल बास, टाकायला-काढायला एक ओळ.

आम्ही कंपनीत (नाव नको) असंच केलेलं. पॅकेट आलं की आधी गिऱ्हाईकाच्या आयपीने हॅशमध्ये बघायचं. अपलोड असेल तर सोर्स, डाउनलोड असेल तर डेस्टिनेशन. तिथून फक्त एक आकडा मिळतो, प्लॅन ३, प्लॅन ७, रिचार्ज संपलेला, नवीन, वगैरे. आणि ट्रीमधल्या रूलमध्ये आयपीच्या जागी हा आकडा एक फील्ड म्हणून घ्यायचा. 'रिचार्ज संपलेला आणि पोर्ट ८० असेल तर वळवा' हा एकच रूल, चार हजार लोकांना पुरतो. माणसाचा आयपी बदलला, रिचार्ज झाला, लाईट गेली-आली, ट्रीला खबरच नाही. तुझे सहाशे-सातशे अपडेट सगळे हॅशमध्ये जातील. जे रोज हलतं ते ट्रीत ठेवायचंच नाही, एवढी एक गोष्ट केलीस तर अर्धा धागा इथेच संपतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे 'काम चालू' सारखे अचानक येणारे रूल. लाईव्ह ट्रीला हात लावू नको. अजिबात. बाजूला एक छोटी लिस्ट ठेव, प्रायॉरिटीने लावलेली, नवीन रूल आधी तिथे. पॅकेटला आधी ट्रीमध्ये बघ, जो मिळेल त्याची प्रायॉरिटी लक्षात ठेव, मग छोटी लिस्ट वरून बघत जा आणि लिस्टमधल्या रूलची प्रायॉरिटी मिळालेल्यापेक्षा कमी झाली की थांब. बहुतेक पॅकेट पहिल्या-दुसऱ्यालाच थांबतात. लिस्ट ३२ च्या वर गेली की मागच्या थ्रेडने निवांत नवीन ट्री बांधायची, तीन सेकंद लागू दे नाहीतर दहा, कोणी थांबलेलं नाही.

लिस्ट मोठी मात्र होऊ देऊ नको. दहा गिगवर ६४ बाइटची पॅकेट आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख, एकेकाला ६७ नॅनोसेकंद मिळतात. एकदा मेन मेमरीत जाऊन यायलाच एवढे जातात. तुझ्याकडे एरवी व्हिडिओची मोठी पॅकेट असतील म्हणून चालून जाईल, पण कोणी छोट्या पॅकेटचा मारा केला की त्या लिस्टचीच अडचण होईल.

मास्तर_शिरपूरकर, दुपारी २.१५

वा. माझ्या सातबाऱ्यात हे आपोआप बसतं बघा. खरेदी झाली की लगेच सातबारा बदलत नाही, आधी फेरफार नोंदवहीत, गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, मंजूर झाली की उताऱ्यावर चढते. गिरणावाल्यांची छोटी लिस्ट म्हणजे फेरफार रजिस्टर. आणि शहाणा माणूस जमीन घेताना उतारा बघतो तसं प्रलंबित फेरफार पण बघतो.

तापीकाठचा_बंड्या, दुपारी २.४०

मोजले. ४,५१२ पैकी ३,८६० नेमक्या आयपीचे. चार हजार नाहीत, पैज तुम्ही हरलात पण मुद्दा जिंकलात 😄

दोन शंका. नवीन ट्री बांधत असताना मधल्या तीन सेकंदांत अजून दोन रूल लिस्टमध्ये आले तर? आणि जुनी ट्री फ्री कधी करू? मला वाटतं माझा सेगमेंटेशन फॉल्ट तिथलाच आहे, मी लीफ फोडलं की जुनं लगेच फ्री करतो.

गिरणेचं_पाणी, दुपारी ३.३०

तिथलाच आहे. वर्कर थ्रेडच्या हातात अजून त्या लीफचा पत्ता आहे आणि तू त्याच्या पायाखालून जमीन काढली. लॉक लावू नको, आरसीयू (वाचणाऱ्याला न अडवता बदल करायची पद्धत) वाच. लिनक्स कर्नलमध्ये २००२ पासून आहे, युजरस्पेससाठी (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामसाठी) पण मिळतं आणि डीपीडीकेमध्ये त्याची वेगळी लायब्ररी आहे. कल्पना साधी आहे. नवीन तयार झालं की पॉइंटर बदलायचा, एवढाच बदल. जुनं लगेच फेकायचं नाही. प्रत्येक वर्कर ३२ पॅकेटची खेप संपवून सांगतो की माझ्या हातात आता काही नाही. सगळ्यांनी एकदा असं सांगितलं की मग फ्री. ट्रकमधला शेवटचा घड उतरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, केळीच्या गावात राहतोस, तुला काय सांगू.

यात मेमरी काही वेळ दुप्पट लागते, दोन ट्री एकदम जिवंत असतात, तेवढी ठेव.

पहिली शंका जास्त महत्त्वाची. बांधायला सुरुवात केलीस तेव्हा लिस्टचा नंबर लिहून ठेव, समज ४१ पर्यंतचे रूल नवीन ट्रीत घेतले. ट्री तयार होईपर्यंत ४२, ४३ आले. बदलताना नवीन लिस्टमध्ये फक्त ४२, ४३ ठेवायचे, ४१ पर्यंतचे काढायचे. फ्लॅगवाल्यांचं पण तसंच, बांधणी सुरू झाल्यावर मेलेला रूल नवीन ट्रीत जिवंत नको व्हायला, म्हणून फ्लॅग मूळ रूलमध्येच ठेव, प्रत करू नको.

आणि आता कान उघडे ठेवून ऐक: ट्रीचा पॉइंटर एक आणि लिस्टचा पॉइंटर दुसरा असे दोन ठेवू नको. दोन्ही एका स्ट्रक्चरमध्ये टाक आणि त्या स्ट्रक्चरचा एकच पॉइंटर बदल. नाहीतर वर्कर जुनी ट्री घेईल आणि तेवढ्यात लिस्ट नवीन होईल, मग ४१ नंबरचा रूल जुन्या ट्रीत नाही आणि नवीन लिस्टमधून पण गेला. हा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि सापडत नाही. मी यावर दिवाळीचे तीन दिवस घालवलेत.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट, दुपारी ४.००

मालकाला सांग टीकॅमचा नाद सोड. त्यात रेंज थेट बसत नाही, प्रिफिक्समध्ये फोडावी लागते. १०२४ ते ६५५३५ या एवढ्याशा रेंजला ६ नोंदी जातात, वाईटात वाईट रेंजला ३०, आणि सोर्स-डेस्टिनेशन दोन्हीकडे तशीच असली तर ३० गुणिले ३० म्हणजे ९००, एका रूलला! वर तो तापतो पण, आणि आपल्याकडे जळगावात मेमध्ये ४५ असतं, एसी कोण देणार.

पांझराकाठी (धुळे), रात्री ९.१०

कामावरून येऊन सगळं वाचलं. मी रात्री म्हटलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, आता बघा, गिरणावाल्यांनी हॅशच सांगितलं ना. ट्युपल स्पेस सर्च म्हणजे तेच मोठ्या प्रमाणात, एका मापाचे सगळे रूल एका हॅशमध्ये.

मास्तर_शिरपूरकर, रात्री ९.२५

अर्धं बरोबर. मापं जितकी वेगवेगळी तितकी टेबलं, आणि पॅकेटला सगळी टेबलं बघावी लागतात. अपडेट पटकन, शोध मंद. ट्रीचं उलटं. २०१६ च्या पार्टिशनसॉर्टपासून पुढे पुष्कळ काम या दोघांच्या मधली वाट शोधण्याचंच आहे. २०१९ मध्ये न्यूरोकट्स आलं, त्यात कट कुठे मारायचा हे मशीन लर्निंग शिकतं, ट्री सुंदर येते, पण मिनिटाला सातशे अपडेट असणाऱ्याने तिकडे जाऊ नये. शिकायला वेळ लागतो आणि रूल बदलले की परत शिकवणी.

तापीकाठचा_बंड्या, बारा दिवसांनी, रात्री १०.५०

मंडळी, उशिरा आलो, मध्ये दोन लग्नं होती आणि एका गावात रस्ता खणणाऱ्यांनी फायबर तोडलं (परत).

सगळं केलं. गिऱ्हाईक हॅशमध्ये, ट्रीत आता ६५० च्या आसपास रूल, बांधायला पाव सेकंद पण लागत नाही. झाकलेला रूल फक्त पक्क्याच्या खालीच उडतो, ती ४० टक्केवाली कॉमेंट खोडली. एका लीफकडे अनेक बोटं ठेवलीत अजून, पण आता लाईव्ह ट्रीत कोणी घुसतच नाही म्हणून चालतं.

गिरणाभाऊ, एक कबुली. दोन पॉइंटरचं तुम्ही एवढं बजावून सांगितलं तरी मी आळस केला, म्हटलं मध्ये किती नॅनोसेकंद जातात, काय होणार. एक काउंटर लावून ठेवला होता की ट्री आणि लिस्ट दोन्हीकडे काहीच मिळालं नाही तर वाढव, डीफॉल्ट रूल ट्रीत असल्यामुळे तो शून्यच राहायला पाहिजे. चार दिवस शून्य. मी खूश. मग मीच एक चाचणी लिहिली, सेकंदाला वीस वेळा ट्री बदलायची, आणि मुद्दाम डीफॉल्ट रूल काढून छोट्या लिस्टमध्ये टाकला. दहा मिनिटांत ११. मोजून ११ पॅकेट, ज्यांना ना ट्रीत थारा ना लिस्टमध्ये. गपचूप एका स्ट्रक्चरमध्ये घातलं, परत चाचणी रात्रभर चालवली, सकाळी शून्य.

आणि खरी परीक्षा रविवारी झाली. वादळ आलं, यावल रस्त्याकडची सगळी गावं चार तास अंधारात, मी इकडे पंखा नाही म्हणून गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो. साडेनऊला लाईट आली. हॅशचा आकडा चढताना बघितला, ४०, १२०, ३१०, आणि ट्रीची बांधणी किती वेळा झाली? एकदाही नाही. ड्रॉप शून्य. फोन आला एक, तो पण केबल टीव्हीचा.

एक बारीक गोष्ट राहिली. मागे बांधणी सुरू झाली की एका वर्करचा वेग थोडा पडतो, ग्राफवर दात दिसतो. बहुतेक बांधणारा थ्रेड त्याच कोअरवर जाऊन बसतो.

गिरणेचं_पाणी, रात्री ११.१५

११ पॅकेट पकडलीस हे भारी केलंस, मला तीन दिवस लागले होते. बांधणाऱ्या थ्रेडला वेगळा कोअर बांधून दे आणि वर्करचे कोअर कर्नलच्या शेड्युलरपासून वेगळे काढ, बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज. तरी दात राहिला तर कॅशचा (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आहे, दोघांचा एल३, म्हणजे तिचा सामायिक थर, एकच असेल. पाव सेकंदाचं काम एक सेकंदात कर, मध्ये मध्ये थांबत, तुला घाई काय आहे.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट, रात्री ११.२०

भरीत पार्टी कोण देतंय

तापीकाठचा_बंड्या, रात्री ११.२२

वांगी येऊ द्या आधी, हिवाळ्यात बघू. मास्तर, तुम्ही पण या, कळण्याच्या भाकरी करायला लावतो.